संध्याकाळी सात ते दहा : फोंड्यातल्या एका नोकरदार आईच्या ताटाचा प्रकरण अभ्यास

आहारसल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांना काय खावं हे आधीच माहीत असतं. भाजी वाढवा, गोड कमी करा, वेळेवर जेवा हे त्या मलाच म्हणून दाखवतात. कधीतरी त्यांनी ते सगळं करूनही पाहिलेलं असतं. मग मूल आजारी पडतं, बदली होते, सासऱ्यांचं ऑपरेशन निघतं आणि लागलेली घडी विस्कटते. ती पुन्हा बसवायची कशी, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. बाईंच्या संमतीने लिहिते आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील दिलेले नाहीत.

वय ३९. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात घर, वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत हिशेब विभागात नोकरी. नवरा पणजीला सरकारी कार्यालयात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. घरी सासूबाई, वय ६८, गुडघ्यांनी बेजार, रक्तदाबाची गोळी चालू. कंपनीची बस सकाळी सव्वासातला नाक्यावर येते आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास तिथेच परत सोडते.

त्या आल्या जूनच्या मध्यावर, कंपनीतल्या वार्षिक तपासणीचे कागद घेऊन. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ६.२, ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. हिमोग्लोबिन १०.६, म्हणजे बाईमाणसाला हवं त्या १२ पेक्षा बरंच खाली. उंची १५६ सेंटीमीटर, वजन ६९ किलो, कंबर ९१ सेंटीमीटर. भारतीय बायकांसाठी कंबर ८० च्या आत असावी असं धरतात. थायरॉईड ठीक होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि साखरेचं औषध लगेच न देता तीन-चार महिने आहारावर काढायला सांगितलं होतं. पाळीत रक्तस्राव जास्त होतो, हे त्यांनी बोलता बोलता सांगितलं. ते ऐकल्यावर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. रक्त जात राहिलं तर नुसत्या तांबड्या भाजीने (लाल माठाने) ते भरून निघत नाही.

पिशवीतून त्यांनी आणखी एक कागद काढला. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेला तक्ता, प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला. सकाळी ओट्स, दुपारी दोन फुलके आणि ब्रोकोली, रात्री सूप. त्यावर चार महिन्यांत पाच किलो वजन उतरलंही होतं. मग मुलाला डेंग्यू झाला, पाठोपाठ मार्चअखेरीचे हिशेब आले, आणि ते राहिलं ते राहिलंच.

“काय खायचं ते मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “परत सुरू कसं करायचं तेवढं सांगा. दर सोमवारी ठरवते आणि बुधवारपर्यंत संपतं.”

त्या तक्त्याचा दोष असा, की तो एकट्या बाईसाठी लिहिलेला होता. घरात पाच माणसं, चौघांना शीत (भात) आणि हुमण (माशांची आमटी), पाचवीला सूप. म्हणजे आधीच दमलेल्या बाईने रात्री आठ वाजता आणखी एक स्वयंपाक करायचा. चार महिने त्या तो करत होत्या, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

तीन दिवसांची वही

नवीन तक्ता न देता त्यांना तीन दिवस फक्त लिहायला सांगितलं. काय खाल्लं, किती वाजता, आणि बसून की उभ्याने.

सकाळी सहाला चहा आणि तीन बिस्किटं. मुलांचे डबे भरण्यात नाश्ता राहून जातो. साडेनऊला कँटीनमध्ये भाजी-पाव, दोन पाव, बरोबर एक मिरची भजी. दुपारी डब्यात आदल्या रात्रीचं शीत आणि आमटी. भाजी तीन दिवसांत एकदाच, तीही बटाट्याची. चारला चहा आणि सामोसा. इथवर काही अचाट नाही. गोव्यातल्या कितीतरी कचेऱ्यांत माणसं असंच खातात.

पावणेसातनंतरचं पान मात्र बारीक अक्षरात भरून वाहत होतं. घरात शिरल्या शिरल्या चिवड्याची मूठ, पर्स खांद्यावरून उतरायच्या आधी. मुलाने अर्धवट टाकलेला पाव. खोबरं खवताना खोबरं. नुस्तं (मासे) तळताना पहिला तुकडा, मीठ बघायला. मुलीचा अभ्यास घेताना पुन्हा चिवडा. मग सगळ्यांना वाढून झाल्यावर पावणेदहाला स्वतःचं जेवण : ओट्याशी उभं राहून, पातेल्यात उरलेलं शीत त्यातच कालवून. किती ते सांगता येईना, कारण ताटात वाढूनच घेतलं नव्हतं. दुसऱ्या भेटीत त्यांनी रोज उरतं तेवढं शीत घरी मोजून आणलं : अडीच वाट्या. “टाकायचं कसं?” असं त्या म्हणाल्या, आणि हा प्रश्न खोटा नाही.

एक ओळ त्यांनी समासात लिहिली होती : मुलगीपण आता उभ्यानेच खाते. मला वाटतं, त्या माझ्याकडे आल्या त्या कागदातल्या ६.२ पेक्षा या ओळीमुळे.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत २००० कॅलरींच्या दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासळी ८५ ग्रॅम आणि धान्य २५० ग्रॅम असा हिशेब आहे. धान्य आणि डाळी कच्च्या वजनाने. या वहीत धान्य तेवढंच किंवा थोडं जास्त होतं, भाजी जेमतेम ८० ग्रॅम, आणि प्रथिनं आमटीतल्या नुस्त्याच्या एका तुकड्यावर अवलंबून. त्यात लोहाची गोळी दुधाच्या चहाबरोबर. चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता निदान. माझ्या मते इथे मनोनिग्रह कमी पडत नव्हता. दुपारी एकच्या डब्यानंतर पोटात फक्त सामोसा, मग रस्त्यातला दीड तास, आणि अशा भुकेलेल्या माणसावर घरात पाऊल टाकताच पाच जणांचा स्वयंपाक, दोन मुलांचा अभ्यास आणि उद्याचे डबे येऊन पडतात. या तीन तासांत चिवडा खाऊ नका असं सांगणं निरर्थक आहे. ताट बदलण्याआधी त्या तीन तासांतली कामं हलवायला हवी होती. म्हणून पुढच्या भेटीला नवऱ्याला आणि सासूबाईंना बरोबर आणायला सांगितलं.

घरातल्यांशी बोलणं

नवरा समजूतदार, पण त्यांचं पहिलं वाक्य होतं, “साखर आमच्याकडे सगळ्यांनाच असते.” हे वाक्य गोव्यात मी फार ऐकते आणि ते दुर्दैवाने खरं आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के, देशाचं ११.४ टक्के होतं. सगळ्यांना आहे म्हणून ते साधं होत नाही. त्यांना विचारलं, तुमची शेवटची तपासणी कधी झाली? आठवेना.

सासूबाईंची अडचण निराळी होती. सुनेने स्वयंपाकघर त्यांच्यावर टाकू नये असं त्यांना वाटत होतं, आणि आपला काही उपयोग उरला नाही असंही वाटत होतं. “बाय, बसून सांगशील ते करीन,” त्या म्हणाल्या, “पण ओट्याशी उभं राहणं आता नाही होत.” बसून होणारी कामं मग आम्ही तिघांनी मिळून काढली आणि यादी चांगली लांबली. तांबड्या भाजीची जुडी निवडणं, अळसांदे (चवळीचा प्रकार) भिजत घालणं, मुगांना मोड आणणं, लसूण सोलणं, काकडी चिरणं. दुपारी मालिका बघताना मांडीवर पाखडायचं सूप घेऊन त्या भाजी निवडू लागल्या. ताजी तांबडी भाजी मिळत असूनही घरात शिजत नव्हती, ती एवढ्यासाठीच : धुणं, निवडणं, चिरणं यातला अर्धा तास रात्री आठला कुणाकडेच नव्हता.

नवऱ्याकडे दोन कामं आली. साडेसहाला घरी पोचल्यावर कुकर लावायचा, आणि बाजार त्यांचाच. नुस्तं आणायचं तर तिथेच साफ करून आणायचं. आधी ते बांगडे तसेच पिशवीतून आणून ओट्यावर ठेवत.

या दोन हलवाहलवींनी जेवण पावणेदहावरून साडेआठवर आलं. अजून पदार्थाला हात लावलेला नव्हता.

ताटात काय बदललं

पहिला बदल बसमधला. पाच वाजता कामावरून निघताना मूठभर भाजलेले चणे आणि एक केळं, किंवा उकडलेलं अंडं. सगळ्या योजनेत मी ज्याच्यावर अडून बसले तो हा एकच. माणूस घरी अर्धपोटी पोचला तर चिवड्याचा डबा आपोआप मागे सरतो. उपाशी पोचला तर कुठलाच नियम टिकत नाही.

दुसरा, आठवड्याचे वार. हिंदू गोंयकाराच्या घरात वारांची शिस्त आधीच असते, सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी), बुधवार-शुक्रवार-रविवार नुस्तं. तीच मोडणी आम्ही वापरली. सोमवारी अळसांद्यांचं तोणाक (खोबऱ्याच्या वाटपाचा रस्सा), मंगळवारी अंड्याची आमटी, गुरुवारी मुगागाठी (मोडाच्या मुगांची उसळ), शनिवारी वाटाणे किंवा चणे. नुस्त्याच्या वारी तारले (पेडवे) किंवा बांगडे, कारण दोन्ही परवडतात आणि ओमेगा-३ ही चांगली चरबी त्यात भरपूर. वार ठरला की आज काय करू हा प्रश्न संपतो. दमलेल्या डोक्याला या प्रश्नाचा त्रास स्वयंपाकाएवढाच होतो, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे.

रविवारी दोन कडधान्यं उकडून ठेवायची. तीन दिवसांची फ्रीजमध्ये, बाकीची फ्रीझरमध्ये. ओल्या खोबऱ्याचं वाटपही दोन दिवसांसाठी एकदम वाटून लहान डब्यांत फ्रीझरला. घरात दिवसाला एक नारळ लागत होता. आमटीत खोबरं, भाजीवर खोबरं, कढीतही रस. एका जेवणात खोबऱ्याचा एकच पदार्थ, असं ठरलं. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. खोबरं न घातलेली तांबडी भाजी त्या भाजीच मानत नाहीत, आणि चवीच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. म्हणून आमटी बिनखोबऱ्याची होते त्या दिवशी भाजीवर खोबरं पडतं.

शीत उकड्या तांदळाचंच राहिलं. उकडताना कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात आणि सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा साखर काहीशी सावकाश चढते, म्हणून तो सोडायचं कारण नव्हतं. प्रमाण मात्र दीड वाटी, ताटात वाढून घेतलेलं, आणि भाजी व कडधान्य आधी खाऊन मग शीत. या क्रमाने जेवल्यावर साखरेची उसळी कमी होते. उरलेलं शीत सकाळच्या पेजेत जातं, म्हणजे टाकायचं कसं हा प्रश्नही मिटला.

नाश्त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण त्यात एक खोच आहे. दारात सहाला पोदेर (पाववाला) येतो. उंड्यांऐवजी (गोल पावांऐवजी) पोई, म्हणजे आतून पोकळ चपटा पाव, घ्यायची आणि तिच्या पोटात अळसांदे किंवा ऑम्लेट भरून डब्यात न्यायची, असं ठरलं. पोई म्हणजे कोंड्याची, म्हणून बरी, असा सगळ्यांचा समज. पण आता बऱ्याच भट्ट्यांत पोईचं पीठही मुख्यतः मैद्याचं असतं आणि कोंडा नुसता वरून भुरभुरलेला असतो. घरी पोई फाडून आत बघायला सांगितलं : आतून पांढरीशुभ्र आणि हलकी असेल तर ती मैद्याची, करडट, जरा जड आणि आतही कोंड्याचे कण दिसणारी असेल तर गव्हाची. त्यांच्या पोदेराची पांढरी निघाली. बाईंनी त्याला सरळ विचारलं, तेव्हा गावातल्याच दुसऱ्या भट्टीचं नाव त्यानेच सुचवलं. आता नवरा आदल्या संध्याकाळी तिथून चार पोया आणतो. एका पोईत दोन पावांची भूक भागते आणि कँटीनचा भाजी-पाव आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, सहकाऱ्यांबरोबर. तो बंद करायला मी सांगितलं नाही. सहकाऱ्यांबरोबर बसून खाण्याचा तो त्यांचा एकच वेळ आहे.

लोहाची गोळी चहापासून तासभर लांब, लिंबाच्या पाण्याबरोबर.

मासेबंदी आणि श्रावण

गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताजं नुस्तं थोडं आणि महाग मिळतं. मग पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या बेगमीचं) सुकं नुस्तं बाहेर येतं, सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), सोडे, वर लोणचं. प्रथिनं मिळतात, पण मीठ किती! घरात रक्तदाबाचं माणूस. सुकं नुस्तं आठवड्यातून एकदा, तेही कोमट पाण्यात भिजवून पाणी टाकून, एवढ्यावर तडजोड झाली. याच दिवसांत बाजारात रानभाज्या येतात, तायकिळा (टाकळा), तेरं, अळू. तायकिळ्याची भाजी फणसाच्या बियांबरोबर सासूबाईंनी स्वतः बसून सांगत सांगत नातीकडून करून घेतली.

पाठोपाठ श्रावण. या घरात तेव्हा अंडंही चालत नाही. मंगळवारची आमटी आणि बसमधलं अंडं दोन्ही गेलं. त्याजागी दही, शेंगदाणे, पनीर आणि आणखी एका दिवशी मूग. जुलैअखेरपर्यंत वजन दीड किलो उतरलं होतं आणि, त्यांच्या भाषेत, “संध्याकाळची चिडचिड गेली.”

चतुर्थी

सप्टेंबरमध्ये गणपतीला सगळे सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी. पाच दिवस, वीसेक माणसं, नेवऱ्या (करंज्या), मोदक, पातोळ्या, खतखतं (मिश्र भाज्यांचा रस्सा). ते सगळं खावं, मी आधीच सांगितलं होतं. परत येताना नेवऱ्यांचे दोन डबे आले. लगेच मुलगा तापाने पडला, आणि कंपनीत सहामाही हिशेब सुरू झाले. घरी पोचायला साडेआठ. रविवारचं कडधान्य बंद, कँटीन रोजचं, रात्री बाहेरून चायनीज. तीन आठवडे असे गेल्यावर त्यांचा निरोप आला : सगळं बिघडलं, आता दिवाळीनंतर पहिल्यापासून सुरू करते.

याच ठिकाणी दोन वर्षांपूर्वीचा तक्ता संपला होता. सगळं एकदम परत सुरू करायचं म्हणजे एकाच सोमवारी आठ-दहा गोष्टी पेलायच्या, आणि हिशेबाच्या दिवसांत ते अशक्य. दिवाळीनंतर म्हटलं की पुढे नाताळ असतोच. मी त्यांना दोनच गोष्टी उद्यापासून करायला सांगितल्या. बसमधले चणे, आणि आम्ही जुलैमध्ये लिहून ठेवलेलं अडीनडीचं जेवण.

हे अडीनडीचं जेवण सुरुवातीलाच ठरवून कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेलं होतं. पंधरा मिनिटांत होणारी तीन जेवणं : पोई, दोन उकडलेली अंडी, काकडी-टोमॅटो; मुगाच्या डाळीची खिचडी, फ्रीझरमधले वाटाणे घालून, वर दही; किंवा पेज, शेंगदाण्यांची सुकी चटणी आणि कडधान्याचा एक डबा. वाईट आठवडा येणारच हे धरून ती लिहिलेली होती. त्यातली दोन नवऱ्याला एकट्याने करता येतात, आणि त्या आठवड्यात त्यांनीच केली. खिचडीत पहिल्या दिवशी मीठ जास्त झालं, दुसऱ्या दिवशी बरी झाली.

पुढच्या रविवारी कडधान्य पुन्हा भिजलं, सांगावं लागलं नाही. सासूबाईंनी शनिवारी रात्रीच अळसांदे पाण्यात टाकून ठेवले होते. त्यानंतरच्या आठवड्यात पोई परत आली. नेवऱ्यांचा उरलेला डबा कंपनीत वाटला गेला. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घर बरंचसं जुलैच्या चालीवर आलं होतं.

आज कुठे आहे

ऑक्टोबरअखेरची तपासणी : एचबीएवनसी ५.८, हिमोग्लोबिन ११.७, वजन ६६.४ किलो, कंबर ८७. हिमोग्लोबिनचं श्रेय मुख्यतः गोळ्यांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या उपचारांना आहे, ताटाला थोडं. साखरही अजून पट्ट्यातच आहे, बाहेर आलेली नाही. वजन आणखी उतरलेलं मला आवडेल, पण घाई नाही.

न सुटलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. झोप साडेपाच तासांची, आणि कमी झोपेत भूक वाढते. सकाळची बस सव्वासातची आहे तोवर याला सोपं उत्तर नाही. चालणं फक्त शनिवार-रविवारी होतं. धाकटा भाजीला हात लावत नाही. त्याच्या ताटात चमचाभर वाढून पुढे काही बोलायचं नाही, एवढंच सध्या चाललं आहे. जेवायला मात्र पाचही जणं एकदम बसतात आणि मुलगी पाणी घेते, ताटं मांडते.

नवऱ्याने ऑक्टोबरमध्येच स्वतःची तपासणी करून घेतली. त्यांची एचबीएवनसी ६.६ आली, म्हणजे मधुमेहाच्या पट्ट्यात. डॉक्टरांनी खात्रीसाठी पुन्हा तपासणी सांगितली आहे. पुढच्या महिन्यात ते दोघं बरोबर येणार आहेत. त्यांच्या पणजीतल्या दुपारच्या जेवणाची तीन दिवसांची वही मी मागवली आहे.